दादाची सही

"हा अंकुश कोण?" गुरव भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"माझा थोरला भाऊ."

"मग दाखला भावाच्या नावावर आणि नोकरी तुम्हाला, हे कसं जमायचं?"

मी मागं वळून वडिलांकडं बघितलं. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. टोपी हातात धरून ते कपाटाला टेकून उभे होते. कुठल्याही कचेरीत गेले की आण्णा असेच उभे राहायचे, खुर्ची रिकामी असली तरी.

आमचं शिरसोळी गाव मी शाळेत जायच्या आधीच धरणात गेलं. सरकारनं दुसऱ्या जिल्ह्यात माळावर नवं गावठाण वसवलं, नांगराला दगड लागेल अशी जमीन दिली, आणि घरटी एक प्रकल्पग्रस्ताचा दाखला दिला. तो दाखला ज्याच्या नावावर, त्याला सरकारी नोकरीत राखीव जागा. घरात एकालाच. आण्णांनी तो दादाच्या नावावर केला. त्यात वावगं काही नव्हतं. दादा थोरला होता, मुलगा होता, आणि मी तेव्हा परकरात होते.

सत्त्याण्णव साली मी नर्सचं शिक्षण पुरं केलं. जिल्हा परिषदेची आरोग्य सेविकांची भरती निघाली तेव्हा अर्जात त्याच दाखल्याचा नंबर घातला. निवडयादीत माझं नाव लागलं, 'शालन सपकाळ, प्रकल्पग्रस्त'. आईनं गल्लीत साखर वाटली. कागदपत्रं तपासताना मात्र जिल्हा परिषदेतल्या बाईंनी दाखला परत केला. महिन्याच्या आत तो माझ्या नावावर करून आणायचा, मगच नेमणुकीचा आदेश. म्हणून आम्ही कलेक्टर कचेरीत पुनर्वसनाच्या खात्यात, गुरवांच्या टेबलापुढं आलो होतो.

"तसं अवघड काही नाही," गुरव म्हणाले. माणूस बोलायला चांगला होता. "घरातल्या घरात दाखला बदलता येतो. भावाला घेऊन या. साहेबांसमोर संमती द्यायची, सही करायची."

"तो नसतो हितं," आण्णा म्हणाले.

"मग कुठं असतो?"

मीच म्हणाले, "ठाऊक नाही. चार वर्षं झाली घरातून गेल्याला."

"पोलिसांत तक्रार दिलीय?"

"नाही."

गुरवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग कसं करता? बेपत्ता माणूस म्हटलं की सात वर्षं थांबायला लागतं. त्यानंतर कोर्टाचा हुकूम. तुमच्याकडं तर महिनाच आहे."

बाहेर व्हरांड्यात ते आमच्या मागोमाग आले. इकडंतिकडं बघत आण्णांना हळू आवाजात म्हणाले, "बापू, राग मानू नका. पोरीचं भलं व्हावं म्हणून सांगतो. मेलेल्या माणसाचं काम आमच्याकडं लवकर होतं. हरवलेल्याचं होत नाही. गावाकडं तुमचा ग्रामसेवक असेल ना? त्याच्याकडून मृत्यूचा दाखला आणा, चार दिवसांत काम करून देतो."

आण्णांनी मान हलवली. ती हो म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही.

दादा गेला त्याला कारण आण्णाच होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. दादानं त्या दाखल्यावर कितीतरी ठिकाणी अर्ज केले. शिपाई, वाहक, वनरक्षक. कुठं लेखीत गळायचा, कुठं तोंडी परीक्षेत. अधिकाऱ्यानं प्रश्न विचारला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. शेवटच्या खेपेला तो हात हलवत परत आला तेव्हा पारावर माणसं बसलेली होती. त्यांच्यादेखत आण्णा म्हणाले, "अख्खं गाव बुडालं, त्याच्या बदल्यात हातात एक कागद आला. तोबी तू वाया घालवलास." सकाळी दादाचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. त्यानंतर घरात त्याचं नाव काढायचं नाही, असा आण्णांनी दंडक घातला. रेशनकार्डांची तपासणी आली तेव्हा त्याचं नावही कमी करून टाकलं.

ग्रामसेवक होनमाने आमच्या ओळखीचे. आण्णांनी काम सांगितल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि फॉर्म पुढं ओढला. मी बाकावर बसले होते. मला नको म्हणायचं होतं आणि नोकरीही हवी होती.

"नाव?"

"अंकुश यशवंत सपकाळ."

"वय?"

आण्णांनी हिशोब केला, सांगितलं.

"कुठं वारला लिहू? घरीच लिहितो, बाहेरचं म्हटलं की लफडं." होनमाने लिहीत गेले. "तारीख सांगा."

आण्णा हातातल्या टोपीची शिवण चाचपायला लागले.

"कुठलीबी सांगा हो. जरा मागची."

आण्णा फॉर्मकडं बघत राहिले. होनमान्यांना वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. ते जरा मोठ्यानं म्हणाले, "बरं, ते मी टाकतो. कशानं गेला, तेवढं सांगा."

"ऱ्हाऊ द्या," आण्णा म्हणाले आणि बाहेर पडले.

घरापर्यंत ते माझ्या पुढं पुढं चालत होते. आई चुलीपाशी होती. आण्णा उंबऱ्यात बसले आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "अंकुशला हुडकाय पायजे."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कासारफाट्याला हाय," ती म्हणाली. "टायरच्या दुकानात."

आण्णांनी चटकन मान वर केली. "तुला कुनी सांगितलं?"

"म्हादू डायवरनं. वर्स झालं आसंल."

"मग बोलली न्हाईस ते?"

"नाव काढायचं न्हाई म्हनलावता."

दुसऱ्या दिवशी मी आणि आण्णा कासारफाट्याला उतरलो. हायवेला लागून टपऱ्यांची रांग, ट्रक उभे राहायला मोकळं मैदान. पलीकडच्या कडेला टायरांची उतरंड दिसत होती. आण्णा म्हणाले, "तू जाऊन ये. मी हितं बसतो." आणि ते थांब्याच्या कठड्यावर बसले.

दादा एका ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसून नट सोडवत होता. अंगानं भरला होता, हात कोपरापर्यंत काळे. मी "दादा" म्हणाले तरी त्यानं वर बघितलं नाही. तिथं सगळेच सगळ्यांना दादा म्हणत असणार.

"अंकुशदादा."

मग त्यानं बघितलं. पाना खाली ठेवून उभा राहिला. हात कुठं पुसावेत ते त्याला सुचेना.

"आई बरी हाय न्हवं?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

"बरी आहे."

"एकटीच आलीस?"

मी रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. आण्णा आमच्याकडं पाठ करून बसले होते. दादा त्या पाठीकडं जरा वेळ बघत राहिला.

मी त्याला सगळं सांगितलं. भरती, यादी, दाखला. होनमान्यांच्या फॉर्मचं सांगितलं नाही. तो ऐकत होता आणि चिंधीनं एकेक बोट पुसत होता. मला वाटत होतं, हा आता म्हणेल की चार वर्षांत कुणाला आठवण झाली नाही आणि आज दाखल्यासाठी आलात. ते बोलणं ऐकायची मी तयारी करूनच आले होते.

"नर्स झालीस तू?" तो म्हणाला. "सुई टोचतीस?"

"टोचते."

तो हसला. "सहीच पायजे न्हवं? देतो की. मालकाला सांगून येतो."

जिल्ह्याच्या गाडीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो, मी मधे. आण्णा खिडकीबाहेर बघत होते, दादा पुढच्या बाकाच्या दांडीकडं. वाटेत आण्णा मला म्हणाले, "त्यानं काय खाल्लंय का इचार." मी विचारलं. दादा मला म्हणाला, "खाल्लंय म्हनावं." एवढंच बोलणं झालं.

गुरवांना आम्हाला बघून आनंद झाल्यासारखा वाटला. "सापडला? बरं झालं, सरळ काम ते सरळ." त्यांनी संमतीचा मसुदा काढला आणि दादाकडं हात केला. "ओळखीचा पुरावा?"

दादा माझ्याकडं बघायला लागला.

"रेशनकार्ड, शाळेचा दाखला, काहीही."

रेशनकार्डावर तो नव्हता. शाळेचा दाखला कुठल्याशा भरतीत अस्सलच दिला होता, तो परत मिळाला नाही. दुसरा काढावा तर शिरसोळीची शाळा पाण्याखाली गेलेली, तिची दप्तरं तालुक्याला की जिल्ह्याला, कुणालाच सांगता येत नव्हतं. कासारफाट्याच्या दुकानात त्याला टोपणनावानं ओळखायचे.

"अहो, पण हा माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

"मी कुठं नाही म्हणतोय? पण उद्या कुणी म्हटलं, कुणालाही उभं करून सही घेतली, तर मी कुठं जाऊ? परवा असंच एक प्रकरण झालं. एवढी दाढी आहे, फोटोशी तोंड जुळत नाही."

दुपार टळेपर्यंत आम्ही त्या व्हरांड्यात होतो. दादा खालच्या सलूनमधून दाढी करून आला. फोटोशी तोंड तरीही जुळलं नाही. दाखल्यावरचा फोटो विशीच्या आतला होता. शेवटी गुरवांनीच वाट काढली. बाहेरच्या टायपिस्टाकडून प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं आणि वडिलांनी साहेबांसमोर शपथेवर ओळख पटवायची.

साहेब तरुण होते. त्यांनी कागद वाचला आणि आण्णांना खुर्चीवर बसायला सांगितलं. आण्णा उभेच राहिले.

"हा तुमचा मुलगा?"

"व्हय."

"चार वर्षं घरी नव्हता असं लिहिलंय. तुम्ही शोध घेतला नाही?"

"न्हाई."

"पोलिसांत कळवलं नाही. रेशनकार्डातून नाव तुम्हीच काढलंत. आणि आज दाखल्याचं काम निघाल्यावर मुलगा हजर. मला विचारायला लागतं, आजोबा. स्वतःचा मुलगा हरवला तर बाप शोधत नाही, असं कसं?"

आण्णांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. दादा माझ्याजवळ उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"हरवला न्हवता सायेब," आण्णा म्हणाले. "मीच घालवला त्याला. चार मान्सांत बोललो. त्याच्याकडनं जे झालं न्हाई ते त्याच्या हातात न्हवतं, ते मला कळत हुतं. तरी बोललो. हा माजाच मुलगा हाय. पायजे तिथं आंगठा घ्या."

साहेबांनी कागद पुढं ओढला. सही केली. दादानं संमतीवर सही केली, अक्षर लावून, सावकाश. मग साहेब गुरवांना म्हणाले, "मूळ जिल्ह्याचा अहवाल आलाय का?"

"नाही सर. मागवायला लागेल."

जमीन ज्या जिल्ह्यात बुडाली तिथल्या कचेरीनं कळवायचं होतं, की या कुटुंबात दुसऱ्या कुणी दाखल्याचा लाभ घेतलेला नाही. ते पत्र आल्याशिवाय माझ्या नावाचा दाखला निघणार नव्हता. हे आम्हाला पहिल्या दिवशी कुणीच सांगितलं नव्हतं. गुरव म्हणाले, "टपालानं यायला फार वेळ जातो. तुम्ही तिकडं जाऊन हातानं आणलंत तर बरं."

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता हे दोघं बोलतील. पण साहेबांसमोर जे बोलले तेवढंच. स्टँडवर मी म्हणाले, "दादा, घरी चल." दादानं आण्णांकडं बघितलं. आण्णा गाड्यांच्या वेळांचा फलक बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं.

"मालकानं आजचाच दिवस दिलाय," दादा म्हणाला आणि हायवेच्या गाडीत चढला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आईनं दोन भाज्या केल्या होत्या आणि शेजारून एक घोंगडं मागून आणलं होतं. ती आमच्या मागं बघत राहिली.

"अंकुश?"

"तो गेला माघारी," मी म्हणाले. "सही झाली पण."

आई आण्णांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज तिनं चढवला नाही. "मानूस घावला हुता," ती म्हणाली, "आन तुमी सही घिऊन आलासा."

आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

पत्र आणायचं काम आण्णांनी अंगावर घेतलं. मी त्यावेळी एका खासगी दवाखान्यात कामाला जात होते, रजा मिळत नव्हती. त्या जिल्ह्याची गाडी कासारफाट्यावरूनच पुढं जायची. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला साहेब होते, फाइल सापडली नाही. त्यानंतर आण्णा जाऊन आले की एवढंच म्हणायचे, "करतो म्हनाल्यात." मी जिल्हा परिषदेत मुदतवाढीचा अर्ज दिला, ती मिळाली. पुन्हा दिला, तो कुणी तरी नुसता ठेवून घेतला. आण्णा जातच होते. धुतलेला शर्ट घालायचे, आई भाकरी बांधून द्यायची. भाकऱ्या हळूहळू जास्त व्हायला लागल्या होत्या, पण ते मला तेव्हा दिसलं नाही.

एके दिवशी जिल्हा परिषदेतल्या बाई म्हणाल्या, "सपकाळ, तुमची जागा भरली. प्रतीक्षा यादीतली मुलगी हजर झाली काल." सांगताना त्यांनाही कसंतरी वाटत होतं. त्यांनी मला पाणी दिलं. मी विचारलं, आता कुठं अर्ज करता येईल का? त्या म्हणाल्या, करता येईल, पण उपयोग नाही.

दाखला माझ्या नावावर झाला तो पुढच्या उन्हाळ्यात. पुन्हा भरती निघाली ती कित्येक वर्षांनी, तोवर माझं भरतीचं वय उलटून गेलं होतं. आज इतकी वर्षं मी त्याच खासगी दवाखान्यात आहे.

जागा गेल्याचं कळलं त्या दिवशी मी तशीच गुरवांकडं गेले. निदान पत्राचं काय झालं ते तरी कळावं.

"पत्र? कुणी आणलंच नाही की," ते म्हणाले.

"वडील सारखे जातायत तिकडं."

गुरवांनी माझ्यासमोर त्या कचेरीला फोन लावला. पलीकडच्या माणसानं शोधून सांगितलं, सपकाळ नावाचे एक म्हातारे सुरुवातीला दोनदा येऊन गेले. त्यानंतर कुणी फिरकलं नाही. "येऊन काय झालं असतं, तेही सांगता येत नाही म्हणा," गुरव फोन ठेवत म्हणाले. "त्यांच्याकडं माणूसच नाही सध्या."

आण्णा त्या सकाळीही धुतलेला शर्ट घालून गेले होते. मी स्टँडवर आले आणि हायवेची गाडी धरली. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. माझं आयुष्य होतं ते. तुम्हाला जायचं नव्हतं तर मला सांगायचं होतं, मी नोकरी सोडून गेले असते. हेच मी दादासमोर बोलणार होते, मुद्दाम त्याच्यासमोर.

कासारफाट्याला उतरले. आण्णा दुकानाच्या सावलीत पालथ्या डब्यावर बसले होते. बाह्या वर केलेल्या, समोर पाण्याची टाकी. ट्यूब पाण्यात दाबून ते निरखून बघत होते. "हितनं येतंय बघ," ते म्हणाले. दादा वाकला, त्या जागेवर त्यानं खूण केली. आण्णांनी ट्यूब जरा फिरवली आणि पुन्हा दाबून धरली. शेजारी भाकरीचं फडकं झटकून दोरीवर टाकलेलं होतं.

मी आधी दादाला दिसले.

"आगं, ये ये," तो म्हणाला, आणि मग दुकानाच्या आत तोंड करून, "मालक, भाईर या. माजी भन आली. सरकारात नर्स हाय, सांगत हुतो न्हवं, ती."

मी उभी राहिले ती राहिलेच.

"आण्णा सांगत हुतं, रुजू झालीस म्हनून," दादा म्हणाला. "कुठलं गाव दिलं?"

आण्णांचे हात पाण्यात होते. त्यांनी ट्यूब सोडली नाही आणि मान वर केली नाही.

दुकानाचा मालक दारात येऊन मला नमस्कार करत होता. दादानं हात पुसून माझ्यासाठी खुर्ची ओढली, फडक्यानं झाडली.

"कुठलं गाव?" त्यानं परत विचारलं.

"जवळचंच आहे," मी म्हणाले. "रोज येऊन जाऊन करता येतं."

"म्हंजे माजी सही चालली म्हनायची," दादा म्हणाला. तो हसत होता, पण डोळे माझ्या तोंडावर होते.

"चालली," मी म्हणाले.